एकाचे चार कसे दिसतात? क्वेसार, ब्लॅक होल आणि गुरुत्वाचं भिंग: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आपण ‘आइन्स्टाइन क्रॉस’चा फोटो छापला होता, एका धूसर गॅलॅक्सीच्या गाभ्याभोवती चार ठिपके, आणि खाली एका ओळीत लिहिलं होतं की हे चारही ठिपके म्हणजे एकच क्वेसार (दूरच्या गॅलॅक्सीचा, ब्लॅक होलमुळे लखलखणारा गाभा) आहे, मधल्या गॅलॅक्सीच्या गुरुत्वाकर्षणामुळे त्याचा प्रकाश चार वाटांनी आपल्यापर्यंत येतो. त्या एका ओळीवर एवढी पत्रं आलीत की हा महिना सगळा त्यालाच दिलाय. बऱ्याच जणांनी एकच गोष्ट विचारली म्हणून काही पत्रं एकत्र केली आहेत, आणि जिथे पाणी खरंच खोल आहे तिथे मी जास्त वेळ थांबलेय.

प्रश्न: चार प्रतिमा करणारं ते ब्लॅक होलच ना? मग फोटोत मधे काळं भोक दिसायला हवं, तिथे तर उलट उजेड दिसतोय. (एक वाचक, सातारा)

नाही, आणि हे सगळ्यात आधी नीट करून घेऊ कारण निम्म्याहून जास्त पत्रांत हाच समज आहे. प्रकाश वळवायला ब्लॅक होलच लागतं असं नाही, वजन असलं की झालं. आपला सूर्यसुद्धा वळवतो. सूर्याच्या कडेला घासून येणारा ताऱ्याचा प्रकाश १.७५ विकला वळेल असं आइन्स्टाइनचं गणित होतं, आणि १९१९ च्या खग्रास ग्रहणात आफ्रिकेजवळच्या प्रिन्सिपे बेटावरून आणि ब्राझीलमधल्या सोब्रालहून घेतलेल्या फोटोंमधून ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते दाखवून दिलं. विकला म्हणजे आपल्या पंचांगातलीच, अंशाचा साठावा भाग कला आणि कलेचा साठावा भाग विकला. अडीच सेंटिमीटर रुंदीचं नाणं पाच किलोमीटरवर ठेवलं तर ते जेवढं दिसेल साधारण तेवढी.

आता आइन्स्टाइन क्रॉसकडे या. १९८५ मधे जॉन हुक्रा आणि त्यांचे सहकारी जवळच्या गॅलॅक्सींची अंतरं मोजायचं काम करत होते आणि त्यातल्या एका गॅलॅक्सीच्या गाभ्याच्या वर्णपटात (प्रकाशाचे रंग सुटे करून मिळणाऱ्या पट्ट्यात) त्यांना मधेच एका फार लांबच्या क्वेसारचा प्रकाश सापडला. गॅलॅक्सी आपल्यापासून सुमारे ५० कोटी प्रकाशवर्षांवर, क्वेसार सुमारे १० अब्ज प्रकाशवर्षांवर, आणि दोघं आपल्याकडून बघताना जवळपास एका रेषेत. इथे भिंगाचं काम करतं ते त्या गॅलॅक्सीच्या आतल्या भागाचं सगळं वजन मिळून, म्हणजे तारे, वायू, डार्क मॅटर (न दिसणारं पण वजन असलेलं द्रव्य) सगळं आलं त्यात. फोटोत मधे जो उजेड दिसतोय तो तिथल्या ताऱ्यांचा. ब्लॅक होल तिथे मधोमध असणार, मोठ्या गॅलॅक्सींच्या पोटात असतंच ते, पण त्याचं वजन त्या गॅलॅक्सीच्या मधल्या फुगवट्यातल्या ताऱ्यांच्या वजनाच्या हजारात एखाद-दुसरा भाग एवढंच असतं.

आणि भिंगाचा आवाका वजनाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो, म्हणजे वजन हजारपट कमी तर प्रतिमांमधलं अंतर साधारण ३२ पट कमी. पूर्ण गॅलॅक्सीने पडणारं अंतर एक-दोन विकला असेल तर एकट्या ब्लॅक होलने पडणारं विकलेच्या काही शतांश भागाएवढं, ते हबल अवकाश दुर्बिणीलासुद्धा वेगळं करून दाखवणं अवघड.

अजून एक हिशोब करून बघा. एक अब्ज सूर्यांच्या वजनाचं ब्लॅक होल घेतलं तरी त्याची ‘इथून परत येणे नाही’ वाली कड मध्यापासून सुमारे ३ अब्ज किलोमीटरवर असते, आपल्या सूर्यापासून युरेनसच्या कक्षेएवढ्या अंतरावर. क्रॉसमधले चार प्रकाशकिरण गाभ्यापासून दोनेक हजार प्रकाशवर्षांवरून गेलेत. एवढ्या लांबून जाणाऱ्या किरणाला मधलं वजन एका ठिपक्यात गोळा झालंय की ताऱ्यांच्या रूपात पसरलंय याने फरक पडत नाही, आतलं एकूण वजन किती एवढंच त्याला कळतं.

प्रश्न: क्वेसार म्हणजेच ब्लॅक होल असं शाळेत मुलांना सांगते, मग ते चमकतं कसं आणि त्याचं स्वतःचं गुरुत्व त्याच्या प्रकाशाला वळवत नाही का? (एक शिक्षिका, लातूर)

मॅडम, मुलांना ‘क्वेसार म्हणजे जेवत असलेलं ब्लॅक होल’ असं सांगितलंत तर जास्त बरोबर होईल. चमकतं ते ब्लॅक होल नाही, त्याच्यात पडायच्या आधी भोवती गरगर फिरणारी वायूची तबकडी चमकते. पडणारा वायू घासून घासून इतका तापतो की अख्ख्या गॅलॅक्सीपेक्षा जास्त उजेड देतो. १९६३ मधे मार्टेन श्मिट यांनी ३सी २७३ नावाच्या ताऱ्यासारख्या ठिपक्याचा वर्णपट उलगडला तेव्हा लक्षात आलं की हा तारा नाहीच, हा दोन अब्जांहून जास्त प्रकाशवर्षं लांब आहे आणि तरी एवढा ठळक दिसतोय.

स्वतःचं गुरुत्व वळवतं ना, नक्कीच वळवतं. तबकडीच्या अगदी आतल्या कडेवरून निघालेला प्रकाश वाकतो, त्याची ऊर्जा कमी होते, वर्णपटातल्या रेषा लालीकडे सरकून फिसकटतात. पण हे सगळं इतक्या बारीक जागेत होतं की त्याने आकाशात दोन ठिपके वेगळे दिसत नाहीत. मग क्वेसारमधल्या ब्लॅक होलचा भिंगाच्या निरीक्षणाशी संबंध काय, तर खूप मोठा आहे. ती तबकडी लहान आहे, फार तर काही प्रकाशदिवस रुंद, म्हणून तिचा उजेड काही दिवसांत, आठवड्यांत कमी-जास्त होऊ शकतो. लाखभर प्रकाशवर्षं रुंद गॅलॅक्सीचा उजेड असा लुकलुकू शकत नाही. आणि लुकलुकतंय म्हणूनच पुढच्या प्रश्नातली सगळी गंमत शक्य झाली.

प्रश्न: एकाच क्वेसारच्या दोन प्रतिमा वेगवेगळ्या काळातल्या असतात असं वाचलं. म्हणजे एक आजची आणि एक जुनी? हे कोणी मोजलंय का खरंच? (दोन वाचक, कोल्हापूर आणि ठाणे)

मोजलंय, आणि हा मला या सगळ्या विषयातला सगळ्यात आवडणारा किस्सा आहे म्हणून सविस्तर सांगते.

१९७९ मधे डेनिस वॉल्श, रॉबर्ट कार्स्वेल आणि रे वाइमन यांनी अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या किट पीकच्या २.१ मीटर दुर्बिणीतून सप्तर्षींच्या भागातल्या दोन निळसर ठिपक्यांचे वर्णपट घेतले. ठिपके एकमेकांपासून फक्त ६ विकलांवर. दोन्ही क्वेसार निघाले, दोघांचाही रेडशिफ्ट (प्रकाश लालीकडे किती सरकलाय, ज्यावरून अंतर कळतं तो आकडा) १.४१, आणि वर्णपट एकावर एक ठेवले तर जुळ्या भावांसारखे. आकाशात दोन वेगळे क्वेसार इतके शेजारी आणि इतके सारखे असणं म्हणजे फारच योगायोग, त्यापेक्षा एकाच क्वेसारचा प्रकाश दोन वाटांनी येतोय हे जास्त पटणारं होतं, आणि लवकरच मधे बसलेली गॅलॅक्सीही सापडली. गुरुत्वाच्या भिंगाचं हे पहिलं उदाहरण, क्यू ०९५७+५६१. आइन्स्टाइनने स्वतः १९३६ मधे अशा भिंगावर छोटा लेख लिहिला होता, पण एका ताऱ्याने केलेलं असं भिंग कधी बघायला मिळेल अशी त्याला आशा नव्हती. पुढच्याच वर्षी फ्रिट्झ झ्विकीने म्हटलं की ताऱ्याचं सोडा, अख्खी गॅलॅक्सी घ्या, मग दिसेल, आणि झ्विकीचं खरं ठरलं.

आता वेळेचं. दोन वाटांची लांबी सारखी नसते हे एक, आणि वजनाच्या जवळून जाताना वेळच हळू चालतो हे दुसरं. जुळ्या क्वेसारमधली ‘ब’ प्रतिमा मधल्या गॅलॅक्सीच्या खूप जवळ आहे, ‘अ’ लांब. त्यामुळे क्वेसारमधे काही घडलं की ते आधी अ मधे दिसतं आणि नंतर ब मधे. किती नंतर यावरून वर्षानुवर्षं वाद चालला, कोणी म्हणे ४१५ दिवसांच्या आसपास, कोणी म्हणे ५४० च्या आसपास. दोन्ही बाजू त्याच जुन्या नोंदी घेऊन बसलेल्या पण गणिताची पद्धत वेगळी, आणि निरीक्षणात मधे मधे खंड पडलेला (त्या भागात सूर्य आला की काही महिने बघताच येत नाही), त्यामुळे कोणाचंच पक्कं ठरेना.

मग टोमिस्लाव कुंडिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यू मेक्सिकोतल्या अपाचे पॉइंटच्या ३.५ मीटर दुर्बिणीतून रोजची पाळत ठेवली, आणि डिसेंबर १९९४ मधे अ प्रतिमेचा उजेड एकदम खाली आला. त्यांनी काय केलं तर आधीच छापून टाकलं की ४१५ वाले बरोबर असतील तर हाच उतार ब मधे फेब्रुवारी १९९६ मधे दिसेल, आणि ५४० वाले बरोबर असतील तर जून १९९६ मधे. आणि वाट बघितली. फेब्रुवारीत ब चा उजेड उतरला, अगदी तसाच. शेवटचा आकडा आला ४१७ दिवस, तीन दिवस इकडे-तिकडे. सुमारे ९ अब्ज वर्षं प्रवास करून आलेले दोन किरण, त्यांच्यात चौदा महिन्यांचंही अंतर नाही, आणि तेही तीन दिवसांच्या नेमकेपणाने सांगता येतं! मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा दोन दिवस दुसरं काही सुचत नव्हतं.

याचा उपयोग काय असं ठाण्याच्या वाचकांनी विचारलंय. नॉर्वेचे श्युर रेफ्सडाल यांनी १९६४ मधेच, एकही भिंग सापडलेलं नसताना, लिहून ठेवलं होतं की हा उशीर मोजला आणि भिंगाचं वजन कसं पसरलंय ते कळलं की विश्व किती वेगाने फुगतंय ते काढता येईल. २०१९ मधे सहा क्वेसारांवरून हा आकडा काढला गेला, दर मेगापार्सेकला (म्हणजे सुमारे ३३ लाख प्रकाशवर्षांना) सेकंदाला सुमारे ७३ किलोमीटर. प्लँक उपग्रहाने विश्वातल्या सगळ्यात जुन्या प्रकाशावरून काढलेला आकडा ६७.४ आहे. फरक छोटा वाटतो पण दोन्ही बाजू आपापली चूक जेवढी सांगतात त्यात तो बसत नाही, आणि यावर अजून मारामारी चालू आहे. माझं मत विचाराल तर सगळा पेच भिंगाचं वजन आत नेमकं कसं वाटलं गेलंय यात आहे, तिथे थोडं जरी वेगळं गृहीत धरलं तरी उत्तर हलतं.

सगळ्यांचा उशीर एवढा नसतो बरं का. आइन्स्टाइन क्रॉसमधे चारही वाटा इतक्या सारख्या आहेत की उशीर जेमतेम काही तासांचा, तर एसडीएसएस जे१००४+४११२ मधे, जिथे भिंग म्हणजे गॅलॅक्सींचा पूर्ण समूह आहे, एका प्रतिमेला पावणेसात वर्षांच्या आसपास उशीर होतो.

प्रश्न: प्रिझममधून प्रकाश गेला की रंग वेगळे होतात, मग गुरुत्वाच्या भिंगातून गेल्यावर क्वेसारचे पण रंग वेगळे होतात का? (इयत्ता नववी, परभणी)

फार सुंदर प्रश्न विचारलास बाळा. सरळ उत्तर, नाही. काच निळ्या प्रकाशाला जास्त वळवते आणि लाल प्रकाशाला कमी, पण गुरुत्व सगळ्या रंगांना सारखंच वळवतं, रेडिओ लहरी असोत की क्ष-किरण. म्हणून तर जुळ्या क्वेसारचे दोन वर्णपट सारखे दिसले. आणि हे आपल्या हातातल्या भिंगासारखं पण नाही. हातातलं भिंग कडेला प्रकाश जास्त वळवतं, मधे कमी. गुरुत्वाचं उलटं, वजनाच्या जवळ जास्त, लांब गेलं की कमी, त्यामुळे त्याला एक असा फोकस नसतो. घरात उंच दांड्याचा काचेचा ग्लास असेल तर त्याच्या तळातून कागदावरच्या ठिपक्याकडे बघ, ठिपक्याचं वर्तुळ होईल, थोडं सरकवलं की दोन तुकडे होतील. ते याच्या बरंच जवळचं आहे.

पण थांब, तुझ्या प्रश्नात अजून एक गोष्ट दडलीय. गॅलॅक्सीमधून प्रकाश येताना तिच्यातले सुटे तारेही वाटेत येतात, आणि प्रत्येक तारा हे स्वतः एक चिमुकलं भिंग आहे, इतकं चिमुकलं की त्याच्याने पडणारं अंतर विकलेच्या दशलक्षाव्या भागात मोजावं लागतं. ठिपका फुटलेला दिसत नाही पण उजेड वाढतो किंवा कमी होतो, आणि तारे सरकतात तसा महिन्या-महिन्याने बदलतो. १९८९ मधे आइन्स्टाइन क्रॉसमधेच हे पहिल्यांदा पकडलं गेलं, चारातली एकच प्रतिमा उजळली, बाकीच्या तिघींना पत्ताच नाही. एकच प्रतिमा बदलली म्हणजे क्वेसारमधे काही झालं नाही, त्या एका वाटेवर काहीतरी आडवं आलं.

आता रंग बघ. ब्लॅक होलच्या जवळची तबकडी जास्त तापलेली म्हणून निळी, बाहेरची थंड म्हणून लालसर. निळा भाग लहान, लाल भाग मोठा. चिमुकल्या भिंगाखाली लहान वस्तू जास्त उजळते, मोठी वस्तू कमी, म्हणजे निळा जास्त चमकतो. गुरुत्व रंगात भेद करत नाही पण वस्तूच्या आकारात करतं! त्या फरकावरून तबकडी केवढी आहे ते मोजतात, जी कुठल्याही दुर्बिणीला थेट दिसत नाही, आणि ती बऱ्याच क्वेसारांत साध्या सिद्धांताने सांगितलेल्यापेक्षा मोठी निघालीय. क्ष-किरण तर अगदी ब्लॅक होलच्या उंबऱ्यातून येतात. आपल्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचं नाव दिलेली ‘चंद्रा’ ही क्ष-किरण दुर्बीण आहे ना, तिने आरएक्सजे ११३१-१२३१ नावाचा चार प्रतिमांचा क्वेसार बघितला, भिंगामुळे उजेड वाढलेला असल्याने पुरेसे क्ष-किरण मिळाले, आणि २०१४ मधे त्यावरून त्या ब्लॅक होलची गिरकी काढली गेली, ते प्रचंड वेगाने फिरतंय. सुमारे सहा अब्ज प्रकाशवर्षांवरचं.

प्रश्न: इंजिनिअर आहे, थोडं गणित वाचलं. सिद्धांतानुसार प्रतिमांची संख्या नेहमी विषम येते, तीन किंवा पाच. पण फोटोंमधे दोन किंवा चारच का? उरलेली एक कुठे जाते? (एक वाचक, पुणे)

या महिन्यातला सगळ्यात कसदार प्रश्न हा, आणि भिंगातल्या ब्लॅक होलचा खरा परिणाम इथेच दिसतो.

वजन गुळगुळीत पसरलेलं असेल, कुठे टोक नसेल, तर संख्या विषम यायलाच पाहिजे हे बरोबर. उरलेली प्रतिमा भिंगाच्या अगदी मधोमध, गाभ्याजवळ पडते. पण गाभा जितका दाट तितकी ती प्रतिमा लहान आणि फिकी होते. १९८६ मधे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या डी. नरसिंह, के. सुब्रमण्यन आणि शशिकुमार चित्रे यांनी ‘नेचर’मधे नेमका हाच ‘हरवलेल्या प्रतिमे’चा प्रश्न घेतला होता, की भिंगाचा गाभा फार आवळलेला, घट्ट असेल तर मधली प्रतिमा इतकी मंद होते की दिसतच नाही. तेव्हा जगात भिंगं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माहीत होती, आणि मुंबईत बसून हे काम झालं याचा मला फार अभिमान वाटतो.

गाभ्यात ब्लॅक होल असेल तर अजून पुढची गोष्ट होते. ब्लॅक होल म्हणजे वजनाचं टोकच, गुळगुळीतपणाची अट तिथे मोडते. ते मधल्या प्रतिमेला आणखी मंद करतं, आणि स्वतःच्या अगदी जवळ अजून एक फिकट प्रतिमा तयार करू शकतं. ते पुरेसं जड असलं तर या दोन्ही प्रतिमा एकमेकींत मिळून नाहीशा होतात. म्हणजे मधली प्रतिमा दिसली तर ब्लॅक होल अमुक वजनापेक्षा जड नाही असं म्हणता येतं, आणि बाहेरच्या कुठल्याही प्रतिमेवरून हे कळत नाही.

ती शोधायची तर रेडिओ दुर्बीण बरी, कारण दृश्य प्रकाशात गॅलॅक्सीच्या गाभ्याचा स्वतःचा उजेड सगळं झाकून टाकतो. २००४ मधे पीएमएन जे१६३२-००३३ या क्वेसारची मधली प्रतिमा अशीच रेडिओत पकडली गेली, आणि त्यावरून भिंगातल्या ब्लॅक होलचं वजन वीस कोटी सूर्यांपेक्षा जास्त नसावं अशी मर्यादा घालता आली. विचार करा, ते ब्लॅक होल काही गिळत नव्हतं, चमकत नव्हतं, आणि तरी त्याला वजनकाट्यावर चढवता आलं.

याच्या शेजारचं एक उदाहरण सांगते, ते क्वेसारचं नाही, मागे साधी गॅलॅक्सी आहे. एबेल १२०१ नावाच्या समूहाच्या मधल्या गॅलॅक्सीने मागच्या गॅलॅक्सीची कमान केलीय आणि तिची दुसरी प्रतिमा गाभ्याच्या फार जवळ पडलीय. २०२३ मधे इंग्लंडच्या डरहॅम विद्यापीठातल्या मंडळींनी हबलचे फोटो घेऊन संगणकावर ब्लॅक होलचं वजन बदलत बदलत प्रकाश लाखो वेळा चालवून बघितला, आणि सगळ्यात चांगलं जुळलं ते सुमारे ३२७० कोटी सूर्यांच्या ब्लॅक होलशी. इतकं जड आणि इतकं जवळून गेलेला किरण, दोन्ही जमून आलं म्हणून ते दिसलं.

प्रश्न: सामान्य माणसाला या शोधात काही करता येतं का? (अनेक जण)

येतं. २०१३ मधे सुरू झालेल्या ‘स्पेस वॉर्प्स’ या उपक्रमात सुमारे ३७ हजार लोकांनी घरच्या कॉम्प्युटरवर आकाशाचे फोटो बघून भिंगं हुडकली, आणि यंत्राच्या नजरेतून सुटलेले २९ नवे चांगले उमेदवार त्यांनी काढले. तो चालवणाऱ्या तिघा प्रमुखांपैकी एक अनुप्रीता मोरे, त्या आज पुण्याच्या आयुका या खगोल संशोधन संस्थेत आहेत. पुढे चिलीतल्या रुबिन वेधशाळेच्या फोटोंमधून भिंगातले क्वेसार हजारोंनी मिळतील अशी अपेक्षा आहे, तेव्हा डोळे कमीच पडणार आहेत.

प्रश्न: माझ्याकडे ८ इंची दुर्बीण आहे, यातलं काही दिसेल का? (एक वाचक, नाशिक)

आइन्स्टाइन क्रॉस नाही दिसणार. जुळा क्वेसार नुसत्या डोळ्याने नाही, कारण त्याच्या दोन्ही ठिपक्यांची प्रत (तेजाचा आकडा, जेवढा मोठा तेवढा ठिपका मंद) १७ च्या आसपास आहे. पण दुर्बिणीला कॅमेरा आणि चांगला मोटराइज्ड माउंट असेल तर बरेच फोटो एकावर एक चढवून तो मिळतो, हौशी लोकांनी ८ इंचीतून काढलाय. फेब्रुवारी ते एप्रिलमधे शहरापासून लांब जा, सप्तर्षींमधली एनजीसी ३०७९ ही कडेवर उभी असलेली गॅलॅक्सी आधी शोधा, क्वेसार तिच्यापासून पाव अंशाच्या आतच आहे. नाशिकहून तो भाग उत्तरेला ५४ अंशांपर्यंत वर येतो, तेव्हाच फोटो घ्या, खाली असताना हवा थरथरते आणि ६ विकलांचे दोन ठिपके एकच होऊन बसतात.

डोळ्याने क्वेसार बघायचाच असेल तर कन्या राशीतला ३सी २७३ घ्या, त्याची प्रत १३ च्या जरा आत आहे, काळ्याभोर आकाशात ८ इंचीला तो झेपतो. मार्च ते मे रात्री बरा. नकाशा छापून न्या, कारण दिसायला तो साधा ताराच आहे, शेजारच्या ताऱ्यांशी पडताळल्याशिवाय ओळखू येणार नाही. दिसला तर वही काढून चित्र काढा आणि आम्हाला पाठवा.